शंभराच्या स्टँपवरची पोर

‘घरातच राहा.’ टीव्ही सांगत होता. फोन लावला की पलीकडची बाई आधी खोकायची आणि मग तेच सांगायची. ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून आळीआळीत ओरडत होती. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? ज्या पोराला दोन घरं आहेत आणि दोन्ही अर्धी आहेत, त्यानं कुठल्या घरात राहायचं, हे सांगायला मात्र कोणी आलं नाही.

मोठीखारच्या धर्मा घरतची नात भाविका वीस मार्चला चार दिवसांसाठी म्हणून आली आणि अडकली. सात वर्षांची पोर, दुसरीतली. आईबाप दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. आई अमिषा अलिबागला एका दवाखान्यात आयाचं काम करायची आणि आपल्या आईसोबत, तुळशीबाईसोबत, दोन खोल्यांत राहायची. भाविका तिथंच वाढत होती. बाप दिपेश, धर्माचा एकुलता एक मुलगा, ट्रेलर चालवायचा. महिन्यातून एकदा पोरगी बापाकडे यायची, तशीच ती आली. पण बाप त्याच आठवड्यात माल घेऊन गेला होता आणि सगळं बंद पडलं तेव्हा गुजरातच्या हद्दीवर एका ढाब्याशेजारी ट्रेलर लावून बसला होता. म्हणजे पोर बापाच्या घरी, तिथं बाप नाही. आई बावीस किलोमीटरवर, तिथं पोर नाही.

तरी आजा होता, आजी होती. धर्माला वाटलं, पोरीला काय कमी आहे? घरात तांदूळ आहे, सुकी मासळी आहे, अंगण आहे. पहिले आठ दिवस तो खुशीतच होता. चाळीस वर्षं मिठागरात फावडं मारलेला माणूस, आता म्हातारपणी गावकीचा पंच. गावकी म्हणजे गावातल्या घरांची जमात. देऊळ, लग्न, मयत, भांडण, सगळं तीच बघते. पोलीस आणि कोर्ट नंतर. टाळं लागलं तेव्हा गावाच्या तोंडाशी रस्त्यावर सुरूचा ओंडका आडवा टाकायची कल्पना धर्माचीच. नियमही त्यानंच सांगितला आणि देवळाच्या भिंतीवर चिकटवला: जो बाहेर जाईल तो परत आल्यावर चौदा दिवस शाळेत राहील, मग तो पंच असो की पुढारी. लोकांनी माना डोलावल्या. धर्माची छाती फुगली.

नवव्या दिवशी भाविकानं केसांना हात लावू देणं बंद केलं.

“बस गं बाय, वेनी घालतंय,” सोनूबाई फणी घेऊन तिच्यामागे फिरायची.

“नको. आई घालते.”

“आई हितं हाय का?”

“मग राहू दे.”

राहू दे म्हणता म्हणता केसांच्या जटा झाल्या, उवा पडल्या. सोनूबाईनं एक दिवस धरून बसवलं, तर पोरीनं तिच्या मनगटाला असा चावा घेतला की चार दात उमटले. म्हातारी रडायला लागली. पोर नाही रडली. तिनं आपलं दप्तर भरून दाराजवळ ठेवलं आणि त्याला टेकून बसली. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. सकाळी उठून ती चादर स्वतःच गुंडाळून मोरीत नेऊन टाकायची, कोणी बघायच्या आत. सात वर्षांच्या पोरीला लाज एवढी कळत होती.

आणि फोन. तो तर सगळ्यात वाईट. दुपारी दिपेशचा यायचा, संध्याकाळी अमिषाचा. फोन धर्माचा, स्पीकर कायम चालू, पण हातात भाविकाच्या. धर्मा ओटीवर जाळं सांधत बसायचा आणि कान आत.

“बाबू, काय जेवलीस?” दिपेश विचारायचा. दोन वाक्यं झाली की, “आईचा फोन येतो?”

“नाही.”

“येतच न्हाय?”

“नाही येत.”

“बघ. मी बोल्लो व्हतो ना?” ढाब्यावर बसलेला माणूस खूश.

संध्याकाळी अमिषा. “जेवलीस का गं? केस धुतलेस?” मग आवाज हळू करून, “बाबा फोन करतो का?”

“नाही करत.”

“एकदा पण नाही?”

“नाही.”

धर्माच्या हातातली सुई थांबली. सात वर्षांची पोर दोघांना दोन दोन पैशांचं सुख वाटत होती, आणि ते दोन गाढव आनंदानं घेत होते. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की पोरीला ताप नाही, खोकला नाही, पण ती आजारी आहे. आणि त्याच्याकडे औषध नाही.

“हिला आयशीकडं पोचवाया पायजे,” तो सोनूबाईला म्हणाला.

“आनि लेक काय बोलंल?”

“लेक काय बोलाचा तो बोलू दे. ट्रेलरमधी बसून बोलाला काय जातंय?”

ओंडक्यापाशी हितेश बसलेला असायचा. गावातला पोरगा, पनवेलला कंपनीत कामाला, आता काठी घेऊन गावाचा राखणदार. पास कसा काढायचा ते त्यालाच माहीत. त्यानं फोनवर फॉर्म उघडला.

“काका, कारण काय टाकू?”

“पोरीला आयशीकडं न्यायची.”

“तसं न्हाय वो. हितं लिस्ट हाय. दवाखाना, मयत, अत्यावश्यक सेवा. यातलं एक सांगा.”

“आयशीकडं जायचं.”

“आई लिस्टमधी न्हाय, काका.” हितेश हसला. मग धर्माचं तोंड बघून पुन्हा फोनकडे वळला. “बरं, ‘इतर’ टाकतो. कागद लागंल पण. पोर कोनाकडं राहाची, त्येची कोर्टाची ऑर्डर.”

कोर्टाची ऑर्डर. धर्मा घरी आला, ट्रंक उघडली आणि आतली पिशवी काढली. ऑर्डर नव्हती. शंभराच्या स्टँपपेपरवरची सोडचिठ्ठी होती, खाली पाच पंचांच्या सह्या. त्यात एक त्याची.

दोन वर्षांपूर्वी अमिषा म्हणाली होती, मला कोर्टात जायचंय. रडत नव्हती, भांडत नव्हती, फक्त एवढंच म्हणाली होती. दिपेश दारू पिऊन हात उचलायचा, हे गावाला माहीत होतं. पण कोर्टात जायचं म्हणजे घरताची अब्रू अलिबागच्या आवारात चहाच्या टपरीवर सांडायची. धर्मानंच तिच्या भावाला गाठलं. “कोर्टात दहा वर्सं घालवाची काय? गावकी बसवतो, येका दिवसात मोकली करतो.” आणि खरंच एका दिवसात मोकळी केली. देवळाच्या मंडपात पंच बसले, काडी मोडली, कागद झाला. सगळ्यांनी चहा घेतला. धर्माला केवढं समाधान! आपल्यामुळं दोघांची पायपीट वाचली.

हा कागद फॉर्मला जोडला. तीन दिवसांनी मेसेज आला: नामंजूर.

दुसऱ्याच दिवशी पोलिसांची जीप ओंडक्यापर्यंत आली, बंदोबस्त बघायला. धर्मा कागद घेऊन धावला. आतल्या हवालदारानं मास्क खाली ओढला, कागद लांब धरला आणि मोठ्यानं वाचायला लागला. हितेश आणि चार पोरं ऐकत उभी.

“‘...सदर मूल घरताचे असून घरताच्या घरचे आहे. आई अमिषा हिच्याकडे केवळ सांभाळण्यासाठी ठेवले आहे. घरताच्या घरातून मागणी होताच परत करावे...’” हवालदारानं मान वर केली. “आजोबा, तुमच्याच कागदात लिहिलंय, पोर तुमची. पोर तुमच्या घरात आहे. मग पास कशाला पाहिजे?”

“तसं न्हाय साहेब. ते आपलं लिवाचं म्हनून लिवलंय.”

“लिहायचं म्हणून कोणी स्टँपवर लिहितं का?”

कागदातलं ते वाक्य धर्माचंच होतं. लिहिणारा थांबला होता, विचारत होता की ताबा कोणाकडे टाकू, आणि धर्मा म्हणाला होता, लिव, पोर घरताची. मंडपात बायका नव्हत्या. अमिषा बाहेर चपलांपाशी उभी होती. तिला बोलावलं ते सहीलाच. पोर तिच्याकडेच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांभाळणार कोण, रात्री उठणार कोण, शाळेत सोडणार कोण? पण कागदावर नाक वर पाहिजे होतं. आता ते नाक पोरीच्या वाटेत आडवं पडलं होतं, रस्त्यावरच्या ओंडक्यापेक्षा जाड.

“कोर्टाचा कागद आणा, मी स्वतः सोडतो,” हवालदार म्हणाला. माणूस वाईट नव्हता. “आता कोर्टपण बंद आहे म्हणा.” जीप वळली.

धर्मानं त्या संध्याकाळी अमिषाला स्वतः फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पूर्वी ती त्याला बाबा म्हणायची. आता काय म्हणावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती काहीच म्हणाली नाही.

“बोला.”

“पोर बरी न्हाय.”

“ताप आहे?”

“ताप न्हाय. केस इचरू देत न्हाय. अंथरुनात... तू ने तिला.”

“नेऊ कशी? दवाखान्याचं कार्ड दाखवत मी दोनदा आले ओंडक्यापर्यंत, तुम्हाला सांगितलं नाही कोणी? हितेशनं शंभर फुटांवरून हाकलली. म्हणे दवाखान्यातली बाई, गावात रोग आणेल.”

धर्माला हे खरोखरच माहीत नव्हतं. नियम त्याचा, आणि त्या नियमानं कोणाला हाकललं ते त्यालाच कोणी सांगितलं नव्हतं.

“मी आनून देतो,” तो म्हणाला. “रस्त्यानं न्हाय, तितं पोलीस आनि आपलीच पोरं. बांधावरनं.”

गावाच्या मागे खारजमिनीचा बाहेरचा बांध होता. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला खाडी. तो बांध फिरत फिरत तीन किलोमीटरवर एका जुन्या जेट्टीला लागायचा आणि जेट्टीपर्यंत पलीकडून डांबरी रस्ता होता. मधे एका ठिकाणी बांधाला खांड पडलेली, पाण्यानं बांध फोडून नेलेला. भरतीला तिथं माणूस बुडेल, ओहोटीला मांडीएवढा चिखल. धर्मानं बोटांवर तिथी मोजली. उद्या सप्तमी. साडेअकराला पाणी उतरेल, एकपर्यंत खांड चालता येईल. बारा वाजता जेट्टीवर ये, त्यानं अमिषाला सांगितलं.

“पंच ना तुमी?” सोनूबाई म्हणाली. “लोक तोंडात शेन घालतील.”

“घालू दे. तू पोरीचे कपडे भर.”

“भरलेलेच हायेत. म्हैना झाला.”

फोन त्यानं घरीच ठेवला. खांडीत भिजला तर बोंब.

त्या दिवशी बांधावर भाविका महिनाभरात बोलली नव्हती तेवढं बोलली. दप्तर पाठीवर, धर्माचं बोट हातात. “आबा, हा खेकडा बघा. आबा, तुम्ही पण चला ना अलिबागला. आमच्या खिडकीतून गच्ची दिसते. आई ना पहिलं डोकं धुणार माझं, रागावणार, मग वेणी घालणार. दोन घालणार.” खांडीपाशी त्यानं तिला खांद्यावर घेतलं. सत्तरीचं शरीर, चिखल मांडीपर्यंत ओढत होता, गुडघे करकरत होते. पोर वर बसून त्याच्या टकलावर दोन्ही हातांनी तबला वाजवत होती. धर्माला वाटलं, जमलं. आयुष्यात एक काम धड केलं.

जेट्टीवर कोणी नव्हतं. ते सावली बघून बसले. अर्ध्या तासानं स्कूटरचा आवाज आला. अमिषा उतरली. तोंडावर मास्क, वर ओढणी, हातात मोजे.

“आई!” भाविका सुटली.

“थांब!” अमिषा किंचाळली. “तिथंच थांब! पुढं येऊ नको! धरा तिला, धरा!”

धर्मानं धावत जाऊन पोरीचं दप्तर मागून धरलं. पोर जागच्या जागी थिजली. आईचा असला आवाज तिनं पूर्वी ऐकला असेल, पण तो बाबासाठी होता.

“वॉर्डातली एक बाई पॉझिटिव्ह निघाली,” अमिषा लांबून ओरडत होती. “साडेदहाला कळलं. मी तिचे कपडे बदललेत. मला न् आईला, दोघींना उचलून नेतायत, दुपारी गाडी येतेय. किती फोन लावले मी! आजींनी उचलला, म्हणाल्या, निघून गेले. म्हटलं, पोरीला घेऊन उन्हात बसाल, म्हणून आले. मी यायला नको होतं.”

“मग आता?” धर्मा म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज बावळट वाटला.

“परत न्या तिला.”

“आई,” भाविका म्हणाली. अगदी शहाण्यासारखी, वर्गात बाईंना विचारावं तशी. “मी श्वास बंद करून येते. मला येतो खूप वेळ बंद ठेवता. फक्त एकदा हात लावते न् परत जाते.”

अमिषा खाली बसली. जेट्टीच्या तापलेल्या सिमेंटवर, स्कूटरला पाठ लावून. मान हलवत राहिली, नाही, नाही. भाविकानं गाल फुगवून खरंच श्वास कोंडला होता. कोंडून ती उभी होती, आणि धर्मानं दप्तर सोडलं नाही.

मग अमिषा उठली आणि स्कूटर चालू करून निघून गेली. निघाली नसती तर ती पुढं आली असती, हे धर्माला दिसलं. पोरीला काय दिसलं असेल, कोण जाणे.

परतताना खांडीत पाणी वाढलेलं होतं. पोर खांद्यावर होती, पण आता ती तबला वाजवत नव्हती. पोत्यासारखी जड लागत होती. त्यानं तिला सांगायचा प्रयत्न केला. चौदा दिसांत संपंल बग. आईला काय बी व्हनार न्हाय. मी परत आनीन तुला. एकाही गोष्टीची त्याला खात्री नव्हती.

बांध उतरायच्या ठिकाणी हितेश आणि तिघं काठ्या घेऊन उभे. कोळंबीला गेलेल्या कोणीतरी बघितलं होतं.

“काका, काय हे? तुमीच?”

“पोरीला घेऊन गेलतो. तिकडं ठेवली न्हाय. परत आनली.”

“तेच तर. आयला भेटली ना? आनि गावात बातमी आलीये, आयच्या वॉर्डात पेशंट निघाली.”

“शिवली न्हाय रं. लांब हुबी व्हती.”

“साक्षीला कोन?” हितेशनं विचारलं. मस्करी नव्हती त्यात, भीती होती. त्याच्या घरात दम्याची आई होती.

साक्षीला खाडी होती.

“मना टाक शाळंत. पोरीला घरी जाव दे,” धर्मा म्हणाला. पंचाच्या आवाजात म्हणायला गेला आणि मधेच तो आवाज भिकाऱ्याचा झाला.

“पोर पन बाहेर गेली ना? नियम तुमचाच, काका. मी काय करू?”

शाळेच्या दुसरीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून दोन सतरंज्या टाकल्या. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती. सोनूबाईनं पायरीवर डबा ठेवला, फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून लांब उभी राहिली. “जेव गं बाय,” ती दारातून म्हणाली. भाविका सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून पडली.

फोन वाजला. दिपेश होता. गावाच्या ग्रुपवर त्याला सगळं कळलं होतं. त्यानं अमिषालाही त्याच फोनमध्ये घेतलं होतं, एका वेळी तिघं. दोन वर्षांत पहिल्यांदा पोरीचे आईबाप एका ठिकाणी आले, ते असे.

“कुनाला इचारून नेली पोरीला?” दिपेश गरजला. “कागदात काय लिवलंय? पोर घरताची हाय!”

“कागद तुझ्या बापानं लिहिलाय न् पोर पण त्यानंच आणली!” अमिषाच्या मागे ॲम्ब्युलन्समधल्या कोणाचा तरी आवाज येत होता, बसा म्हणून. “तू महिन्याभरात एक फोन केलास का तिला?”

“मी? मी रोज करतो! तू करत न्हायस!”

“खोटं बोलू नको!”

“तूच खोटारडी! इचार पोरीला!”

“विचार ना! दे तिला फोन! सांगू दे तीच!”

धर्मानं फोन घेऊन भाविकाकडे बघितलं. तिनं भिंतीकडून मान वळवली. डोळे कोरडे.

“आबा,” ती एकदम हळू म्हणाली, “सांगा ना मी झोपलेय.”

गावकीत चाळीस भांडणं मिटवलेला माणूस. त्यानं फोन तोंडाशी नेला.

“झोपली हाय पोर,” तो म्हणाला.

त्याला वाटलं, आता गप्प बसतील. पण झोपली म्हटल्यावर दोघांचा आवाज आणखी चढला. आता जपायचं कोणाला? जे पोरीसमोर दोन वर्षं तोंडातल्या तोंडात ठेवलं होतं, ते सगळं बाहेर पडायला लागलं. दारू, माराचे वळ, कोणाची आई काय म्हणाली होती, कोण कोणाबरोबर हसलं होतं, आणि ही पोर तुला नकोच होती, आणि तुला तरी कुठं हवी होती.

धर्मानं फोनच्या कडेचं बटण दाबलं. पडदा काळा झाला, आवाज चालूच राहिला. पुन्हा दाबलं. आवाज चालूच. त्यानं फोन सतरंजीखाली सारला, वर उशी ठेवली, उशीवर स्वतः बसला. आवाज येतच होता, दबलेला, पण शब्द न् शब्द कळत होता.

भाविकानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पापण्या फडफडत होत्या. पण तिनं झोप मोडू दिली नाही.